आधी पाणी, मग माती: आमच्या परसबागेची सुरुवात

साताऱ्यात आमचे घर तीन गुंठ्यांच्या जागेवर आहे आणि घराभोवतीची सगळी मोकळी जागा अलीकडेपर्यंत सिमेंटच्या कोब्याखाली होती. हा कोबा माझ्या सासऱ्यांनी घातला होता आणि त्यांच्यापाशी त्याची सबळ कारणे होती. पावसाळ्यात दारापर्यंत चिखल होत असे, मागच्या बाजूला गवत माजून साप निघत असत आणि पापड-कुरडया वाळत घालायला घरातल्या बायकांना स्वच्छ, कोरडी जागा हवी होती. त्यांच्या त्या निर्णयाविषयी मला आजही आदर वाटतो. पण त्यानंतर आजूबाजूची मोकळी शेते गेली, गल्लीतील प्रत्येक अंगण असेच झाकले गेले, आणि उन्हाळ्यात दिवसभर तापलेला कोबा रात्री उशिरापर्यंत भिंतींना ऊब देत राहू लागला. पावसाचे पाणी अंगणातून थेट गटारात जाई आणि एप्रिल लागला की आमच्या कूपनलिकेचे पाणी ओढ घेई. तेव्हा सासूबाई, यजमान, आठवीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि मी अशा सर्वांनी बसून ठरवले, की कोबा फोडायचा आणि तिथे परसबाग करायची.

हे कळताच नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येकाने पहिला प्रश्न विचारला, तो म्हणजे कोणकोणती झाडे लावणार. रोपवाटिकेत जाऊन गाडीभर कुंड्या आणणे हीच बागेची सुरुवात, अशी आता बहुतेकांची समजूत झाली आहे. सासूबाईंनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. त्यांचे माहेर चिपळूणजवळच्या खेड्यातले. त्या म्हणाल्या, "अगं, आधी मोरीचं पाणी कुठं जातं ते बघ. पावसाचं कुठं जातं ते बघ. झाडांचं मग ठरवू." आमच्या बागेची पुढची सगळी आखणी या तीन वाक्यांवर उभी राहिली, आणि ज्यांना अशी बाग करायची आहे त्यांना मला सांगायचे आहे तेही एवढेच, की परसबाग झाडांपासून नव्हे, तर पाण्यापासून आखावी लागते.

सातारा शहरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेला महाबळेश्वरात तो याच्या पाचपटीहून अधिक असतो, तर पूर्वेला माण-खटावात जवळपास निम्म्यावर येतो. आपण मध्ये आहोत, म्हणून पाणी पुरेसे आहे असे वाटते. परंतु हा पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तेथे एक लिटर पाणी पडले. आमचे छत सुमारे हजार चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर आहे. दहा मिलिमीटरची एक चांगली सर आली की एकट्या छतावर नऊशे लिटरांहून अधिक पाणी पडते. माझ्या मुलाने हा हिशेब वहीत मांडून दाखवला तेव्हा त्याच्या आजीला फार आनंद झाला, आणि छताच्या पन्हळी गटाराकडे न नेता जागेच्या उताराकडील कोपऱ्यात खणलेल्या शोषखड्ड्याकडे वळवायचे तेव्हाच पक्के झाले. हा खड्डा पाच फूट खोल आहे. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू असे त्याचे थर आहेत. पहिल्या एक-दोन पावसांत छतावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा वाहून येते, म्हणून ते पाणी बाहेर सोडण्यासाठी नळीला वेगळे तोंड ठेवले आहे. खड्डा घराच्या पायापासून दूर असणे फार आवश्यक आहे. आपल्याकडची काळी माती ओलीने फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते, आणि ही हालचाल पायाशी होऊ लागली तर भिंतींना तडे जाऊ शकतात. याच कारणाने जोत्याला लागून तीन फुटांची फरसबंदी पट्टी आम्ही तशीच ठेवली. भिंतीला चिकटून एकही वाफा केला नाही.

पाण्यानंतर उन्हाचा विचार केला. कोबा फोडण्यापूर्वीचे काही महिने त्या कोब्याचाच आम्हाला मोठा उपयोग झाला. दर महिन्यात एका सुटीच्या दिवशी मुले सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी घराच्या, कुंपणाच्या व शेजारच्या आंब्याच्या सावलीची कड खडूने आखत आणि नंतर ती आलेखाच्या कागदावर उतरवून घेत. त्यातून जे दिसले ते मला तोवर ठाऊक नव्हते. सातारा १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे हिवाळ्यात सूर्य बराच दक्षिणेला झुकलेला असतो आणि घराची उत्तरेकडील बाजू जवळजवळ दिवसभर सावलीत राहते. परंतु मे महिन्यातील शून्य सावलीच्या दिवसानंतर, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसानंतर, थेट जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे जी उत्तरेची बाजू डिसेंबरात निरुपयोगी वाटते, तिला जूनमध्ये ऊन मिळते. त्यामुळे रब्बीचा भाजीपाला दक्षिणेला आणि पावसाळी वेल उत्तरेच्या कुंपणाला, अशी विभागणी कागदावरच झाली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवार या स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाच्या रूपाने साध्या माणसांना हेच शिकवले होते, की पडणारे ऊन पानांनी किती झेलले यावर पीक ठरते आणि ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. घरातल्या मुलांच्या हातून ते काम झाले याचा मला विशेष अभिमान वाटतो.

कोबा मे महिन्यात फोडला. गवंडीमामा दोन बिगाऱ्यांना घेऊन ब्रेकरसह आले आणि धुळीने सगळी गल्ली भरून गेली. निघालेल्या राडारोड्याचे काय करायचे, हा प्रश्न बाग करणाऱ्यांनी आधी सोडवून ठेवावा. तो खड्ड्यात भरून वर माती टाकण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तसे करू नये. सिमेंटमधील चुना हळूहळू मातीत उतरतो आणि तिचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणारा pH हा आकडा, वाढवतो. आपल्या बेसॉल्टी मातीचा सामू बहुधा आधीच जास्त असतो. सामू चढला की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लिंबासारख्या झाडांना हा त्रास फार लवकर होतो. आम्ही सगळा राडारोडा पायवाटांच्या खाली दाबला, त्यावर खडी टाकली आणि मागच्या पडवीच्या काढलेल्या शहाबादी फरश्या त्यावर बसवल्या. उरलेल्या फरश्या उभ्या गाडून वाफ्यांच्या कडा केल्या. प्रत्येक वाफा तीन फूट रुंद ठेवला, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि मातीवर पाय द्यावा लागत नाही. पाय पडला की माती दबते, दबलेल्या मातीत हवा राहत नाही आणि मुळे गुदमरतात.

कोब्याखाली माती नव्हतीच. घर बांधताना केलेली मुरमाची भर होती आणि ती धुमसाने ठोकून घट्ट बसवलेली होती. पहार मारली तरी टणत्कार होई. ती वीतभर खोदून, मोकळी करून तिचे परीक्षण करून घेतले, तेव्हा सामू आठाच्या वर आणि सेंद्रिय कर्ब अगदी नगण्य असल्याचे कळले. बाहेरून ट्रॉलीभर माती आणून टाकणे हा सोपा उपाय होता. पण ही माती कुणाच्या तरी शेताची किंवा नदीकाठची असते, ती तयार व्हायला शेकडो वर्षे लागलेली असतात, आणि आपल्या हौसेसाठी ती उचलून आणणे आम्हाला पटेना. म्हणून आहे त्याच मुरमाची माती करायचे ठरवले.

मृग निघाला आणि पहिला दमदार पाऊस झाला तेव्हा सगळ्या जागेवर आम्ही ताग पेरला. ना फुलझाड, ना भाजी, केवळ ताग. येणारे-जाणारे फाटकाशी थांबून विचारत, की ही कसली बाग. ताग हे द्विदल कुळातील पीक आहे. त्याच्या मुळांवरील गाठींमध्ये राहणारे जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात आणि त्याचे सोटमूळ घट्ट थरात शिरून वाट करते. सहा-सात आठवड्यांत तो पुरुषभर वाढला आणि पिवळी फुले दिसू लागली. त्या वेळी तो कापून जमिनीत गाडावा लागतो, कारण फुलोरा सरला की खोड चिवट होते आणि कुजायला फार वेळ घेते. मुलीला ती फुले तोडून टाकायचे जिवावर आले, म्हणून एक कोपरा तिच्यासाठी राखला आणि त्यातून पुढच्या वर्षाचे बी मिळाले.

ताग गाडल्यावर वाफ्यांवर उसाचे पाचट आणि कुजलेले शेणखत यांचे थर दिले. साताऱ्याच्या आसपास उसाला तोटा नाही आणि अजूनही कित्येक शेतकरी पाचट पेटवून देतात. यजमानांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने नुसत्या वाहतूक खर्चात दोन गाड्या पाचट दिले. पाचटात कर्ब पुष्कळ आणि नत्र अत्यल्प, त्यामुळे ते एकटे लवकर कुजत नाही. शेण, गोमूत्र, स्वयंपाकघरातील हिरवा ओला कचरा असे नत्रयुक्त काही सोबत लागते. शेणखताच्या बाबतीत एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. ते पूर्ण कुजलेले, वास नसलेले आणि हातात भुसभुशीत लागणारे असावे. कच्च्या शेणात हुमणीच्या अळ्या वाढतात आणि मग त्या झाडांच्या मुळांवर उतरतात. आमच्या सासूबाई शेणखताची मूठ नाकाशी नेऊन ते घ्यायचे की परत पाठवायचे हे ठरवतात. दिवाळीपर्यंत गुडघाभर उंचीचे थर निम्म्याहून खाली बसले, त्यावर पुन्हा भर दिली, आणि संक्रांतीच्या सुमारास वाफ्यात हात घातला तर गांडुळे दिसली. ती आम्ही कुठूनही विकत आणली नव्हती.

आता मोरीच्या पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्या जुन्या परसांचे मर्म तिथे होते. कोकणातल्या घरामागे न्हाणीचे आणि मोरीचे पाणी दगडी पन्हळीतून केळी, अळू, कर्दळ यांच्या आळ्यात जात असे आणि तेथून झिरपत माडापोफळीपर्यंत पोहोचत असे. कुणी वेगळे पाणी घालत नसे. घाटावरही केळ आणि अळू मोरीच्याच तोंडाशी असत. त्या काळी भांडी राखेने आणि अंग डाळीच्या पिठाने किंवा साध्या साबणाने स्वच्छ होत असे. आजच्या मोरीत मात्र कपड्यांची पावडर असते आणि तिच्यातील सोडियम काळ्या मातीला मारक आहे. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात, वरचा थर दगडासारखा होतो आणि पाणी खाली जाईनासे होते. म्हणून आम्ही पाण्याचे तीन वाटे केले. कपडे धुण्याचे पाणी पूर्वीसारखेच गटारात जाते. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी बादलीत साठवून थेट भाजीच्या वाफ्यांना घातले जाते. भांड्यांचे आणि अंघोळीचे पाणी विटांच्या एका छोट्या टाकीत येते, तेथे तेलकट तवंग वर राहतो, आणि खालचे पाणी नळीने खडी भरलेल्या लांबट चरात उतरते. त्या चरात कर्दळ आहे, तिच्यापुढे अळू आणि शेवटी केळीचे बन. पाणी कुठेही उघडे साचता कामा नये, नाहीतर डास होतात. खडीचा थर पाण्याच्या पातळीहून नेहमी वर ठेवावा लागतो आणि तवंग आठवड्याला काढून टाकावा लागतो. हे काम यजमानांनी स्वतःकडे घेतले आहे.

या चराने आम्हाला जे दिले त्याची आम्ही अपेक्षा केली नव्हती. अळू एवढे माजले, की श्रावणात गल्लीतल्या बहुतेक घरी वडीची पाने आमच्याकडून गेली. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून फतफत्यात चिंच किंवा आंबट चुका घालायची पद्धत आहे. चुका आता शेजारच्याच वाफ्यात आहे. केळीचे मुख्य खोड घड देऊन संपते, पण बाजूने पिले फुटत राहतात. त्यांतील एक-दोन ठेवून बाकीची वाटून टाकावीत, नाहीतर दाटी होऊन घड बारीक येतो. सासूबाईंनी सत्यनारायणाच्या पूजेला चौरंगाभोवती घरचेच खांब लावले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहण्यासारखे होते.

झाडांविषयी थोडक्यात सांगते, कारण पाणी आणि माती जुळल्यावर त्यांची फार मनधरणी करावी लागली नाही. शेवगा फांदीच्या तुकड्यापासून लावला, पण छतापासून लांब, कारण त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. तो छातीएवढ्या उंचीवर दरवर्षी छाटला की शेंगा हाताला येतात. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात, तेवढ्या काळात लहान मुलांना तिकडे जाऊ देऊ नये. कागदी लिंबू आणि कढीपत्ता जवळजवळ लावले आहेत. त्यांच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार होणारी अळी येते, ती लाइम बटरफ्लाय या फुलपाखराची. ब्लू मॉरमन हे महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले मोठे, काळे-निळे फुलपाखरूही लिंबाच्याच कुळातील झाडांवर अंडी घालते. आम्ही कढीपत्त्याच्या वरच्या फांद्या स्वयंपाकासाठी आणि खालच्या अळ्यांसाठी अशी वाटणी केली आहे आणि कसलेही औषध फवारत नाही.

उत्तरेच्या कुंपणावर पावसाळ्यात दोडका, घोसाळी, पडवळ आणि कारले असते. दोन वाफ्यांत आम्ही वाघ्या घेवडा लावतो. कोरेगाव तालुक्यातल्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, लालसर दाण्यावरच्या गडद पट्ट्यांमुळे त्याला हे नाव पडले, आणि आपल्याच जिल्ह्याचे वाण आपल्याच परसात असावे असा माझा आग्रह होता. हस्ताचा पाऊस ओसरला की दक्षिणेच्या वाफ्यांत मेथी, शेपू, मुळा, कोथिंबीर, पालक आणि वांगी येतात. मेथी सगळी एकदम न पेरता आठवड्याच्या अंतराने थोडी थोडी पेरली, तर घराला सतत कोवळी जुडी मिळते. फुलांमध्ये जास्वंद, अनंत, मोगरा, जाई, पारिजातक आणि सोनटक्का आहेत. गणपतीच्या दिवसांत देवाची परडी घरच्याच फुलांनी भरते.

कासचे पठार आमच्यापासून जवळ आहे, म्हणून कुणी ना कुणी सुचवते, की तिथली दोन रोपे आणून लावा. कृपा करून कुणीही असे करू नये. तेथील वनस्पती जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत, चार महिने साचणाऱ्या पाण्यात आणि उरलेले आठ महिने कोरड्या उन्हात वाढायला घडलेल्या आहेत. खतावलेल्या वाफ्यात त्या मरतात, आणि पठारावरून मात्र कायमच्या कमी होतात. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कास आहे. ती फुले तेथेच जाऊन पाहावीत.

उन्हाळा हीच परसबागेची खरी परीक्षा असते. मार्चपासून सर्व वाफ्यांवर पाचटाचे चार बोटे जाड आच्छादन असते, त्यामुळे माती झाकलेली राहते आणि पाण्याची वाफ होणे खूप कमी होते. लिंबू, पपई आणि वांग्यांजवळ बिनझिलईची मडकी गळ्यापर्यंत पुरली आहेत. कुंभाराकडून आणताना ती पाण्याने भरून, बाहेरून पाझरतात की नाही हे पाहून घ्यावे लागते. मडके भरून झाकण ठेवले की पाणी भिंतीतून हळूहळू मुळांशी झिरपते; भोवतीची माती ओली असेपर्यंत झिरपणे मंदावते आणि ती सुकू लागली की पुन्हा वाढते. दोन-तीन दिवसांनी एकदा ती भरायचे काम मुलांकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात कूपनलिकेने ओढ दिली, पण पूर्वीपेक्षा उशिरा. तो पावसाचा परिणाम की शोषखड्ड्याचा, हे एका वर्षात सांगता येणार नाही. त्यासाठी मुलाने पाण्याच्या पातळीची नोंदवही सुरू केली आहे.

दक्षिणेकडचा कोब्याचा एक चौकोन आम्ही जाणूनबुजून फोडला नाही. सासऱ्यांनी वाळवणासाठी केलेली ती जागा आजही त्याच कामाला येते. एप्रिलमध्ये तेथे कुरडया आणि सांडगे वाळतात, पावसाळ्यापूर्वी घेवड्याच्या आणि दोडक्याच्या बियांना ऊन दाखवले जाते. बियांत राख मिसळून त्यांच्या पुरचुंड्या बांधायचे काम सासूबाई आणि नात मिळून करतात, आणि प्रत्येक पुरचुंडीवर वाणाचे नाव व वर्ष लिहिलेले असते. येत्या मृगासाठी शेजारच्या दोन घरांनी बी मागून ठेवले आहे. त्यांपैकी एका घराने कोबा फोडण्यासाठी गवंडीमामांशी बोलणे केले आहे, आणि सासूबाईंनी त्यांनाही आधी मोरीचे पाणी दाखवायला सांगितले आहे.